नव्वद कोटी डॉलर नेमके कशाचे? हवामान-धोरणाच्या विरोधामागचा पैसा संशोधक कसा शोधतात

हवामानबदलाच्या राजकारणावर थोडंफार वाचायला लागलात की एक आकडा तुम्हाला हमखास भेटेल. अमेरिकेत हवामान-धोरणाला विरोध करण्यासाठी काही संस्था दरवर्षी जवळजवळ १०० कोटी डॉलर, म्हणजे एक अब्ज डॉलर खर्च करतात, असा तो आकडा. भाषणांत असतो, सेमिनारच्या स्लाइडवर असतो, आणि (हे जास्त वाईट) लिटरेचर रिव्ह्यूमध्येही असतो. ज्या पेपरमधून तो उचललाय तो पेपर चांगला आहे. फक्त त्या पेपरमध्ये असं म्हटलेलंच नाही.

आज आपण हा पेपर उघडून बघू. रिसर्चला जाणाऱ्यांनी तो मन लावून वाचावा असं मला वाटतं, विषय समाजशास्त्राचा असला तरी. कारण ज्याचं मोजमाप कुणीतरी मुद्दाम लपवलंय अशी गोष्ट मोजायची कशी, हा प्रश्न त्यात आहे. आपल्या प्रयोगशाळेत निसर्ग निदान मुद्दाम लपवत तरी नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. आपल्या सायन्सवाल्यांची एक जुनी समजूत असते: लोकांना विज्ञान कळलं नाही म्हणून ते विरोध करतात, अजून एक छान ग्राफ दाखवला की काम झालं. ही समजूत मोडायला १९८९ साली स्थापन झालेली एकच संस्था पुरेशी आहे. तिचं नाव ग्लोबल क्लायमेट कोअलिशन. संयुक्त राष्ट्रांचं आयपीसीसी हे मंडळ १९८८चं, आणि ही संघटना त्याच्या पुढच्याच वर्षाची. सभासद कोण, तर तेल, कोळसा, वीज, मोटारी या धंद्यांतल्या मोठ्या कंपन्या आणि त्यांचे व्यापारसंघ. १९९५मध्ये या संघटनेच्या स्वतःच्या तांत्रिक सल्लागारांनी एक अंतर्गत टिपण तयार केलं. हरितगृह परिणामाचा शास्त्रीय पाया पक्का आहे, तो नाकारता येणार नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. इतकंच नाही, विरोधकांचे जे पर्यायी सिद्धांत फिरत होते ते पटण्यासारखे नाहीत, असाही एक भाग मसुद्यात होता. अंतिम प्रतीतून तो भाग काढला गेला. हे सगळं बाहेर आलं २००९ साली. मधल्या काळात संघटना जाहीरपणे ‘विज्ञान अजून अनिश्चित आहे’ हेच सांगत राहिली.

म्हणजे विज्ञान कळलं नव्हतं असं काही नव्हतं. आतल्या माणसांना ते उत्तम कळलं होतं.

१९९७ हे क्योटो कराराचं वर्ष. त्याआधी अमेरिकेत या कराराविरुद्ध जोरदार जाहिराती चालल्या. त्यातला मुख्य सूर असा की भारत, चीन, मेक्सिको यांना सूट आणि बोजा मात्र आपल्या माथी. विकसनशील देशांवर बंधनं नसतील किंवा अर्थव्यवस्थेला मोठी झळ बसणार असेल तर असा करार करू नये, हा ठराव त्याच वर्षी जुलैत सिनेटने ९५ विरुद्ध ० मतांनी मंजूर केला. आता हा ठराव जाहिरातींमुळे झाला असं कुणी म्हणालं तर लगेच मान डोलावू नका. ९५–० हा आकडाच सांगतो की दोन्ही पक्षांचे, कामगार संघटनांना जपणारे, कोळशाच्या राज्यांतले, सगळेच त्यात होते. जाहिरातीविना काय झालं असतं, हे आपल्याकडे नाही. कंट्रोल ग्रुप नसलेल्या प्रयोगासारखी ही परिस्थिती आहे आणि या क्षेत्रात ती कायमचीच आहे.

पुढच्याच वर्षी, १९९८मध्ये, अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने जमवलेल्या एका गटाची योजना न्यूयॉर्क टाइम्सच्या हाती लागली. तेल आणि वीज कंपन्यांची माणसं आणि काही थिंक टँकची माणसं एकत्र बसून ती केली होती. सामान्य नागरिकाला आणि पत्रकाराला हवामानशास्त्रातली ‘अनिश्चितता’ कळू लागली की आपण जिंकलो, असं त्यात लिहिलं होतं. योजनेत बजेट होतं, शास्त्रज्ञ निवडून त्यांना माध्यमांसाठी तयार करण्याचा टप्पा होता, शाळांपर्यंत पोचण्याचं काम होतं. रिसर्च प्रपोजलसारखीच रचना, उलट्या हेतूची.

ही कामाची वाटणी लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी मोजणी तिच्यावर उभी आहे. कंपनी स्वतः बोलत नाही. व्यापारसंघ बोलतो, त्यामुळे कंपनीचा लोगो स्वच्छ राहतो. (लोगो फारच मळायला लागला तेव्हा कंपन्या बाहेर पडल्याही. बीपी, शेल, फोर्ड या नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्या कोअलिशनमधून गेल्या आणि २००२ला ती बंद झाली.) थिंक टँक अहवाल आणि पुस्तकं काढतात. जाक्स, डनलॅप आणि फ्रीमन यांनी २००८मध्ये १९७२ ते २००५ या काळातली पर्यावरण-प्रश्नांवर शंका घेणारी १४१ इंग्रजी पुस्तकं तपासली, तर ९२ टक्क्यांहून जास्त पुस्तकांचा कुठल्या ना कुठल्या कंझर्व्हेटिव्ह थिंक टँकशी संबंध निघाला. या सगळ्यांना पैसा पुरवायला फाउंडेशन असतात. आणि शेवटी ‘जनता’ लागते. ती नसेल तर जनसंपर्क कंपनी ती तयार करून देते.

हे शेवटचं वाक्य अतिशयोक्ती वाटेल, म्हणून एक नोंदलेलं उदाहरण. २००९मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात वॅक्समन–मार्की विधेयक आलं होतं. उत्सर्जनावर मर्यादा आणि परवान्यांची खरेदी-विक्री, असं त्याचं स्वरूप. व्हर्जिनियातले सदस्य टॉम पेरिएलो यांच्याकडे स्थानिक संघटनांची पत्रं आली: विधेयकाला विरोध करा, वीज महागेल, आमच्या लोकांना परवडणार नाही. पत्रं स्थानिक हिस्पॅनिक संघटनेच्या आणि कृष्णवर्णीयांच्या एनएएसीपी या जुन्या संघटनेच्या शाखेच्या नावाने होती. ती बनावट निघाली. कोळसा-वीज उद्योगाच्या आघाडीचं काम घेतलेल्या साखळीतल्या बॉनर अँड असोसिएट्स या कंपनीतून ती गेली होती. कंपनीने एका तात्पुरत्या कर्मचाऱ्यावर ठपका ठेवून त्याला काढलं. पत्रं खोटी असल्याचं उद्योगाच्या आघाडीला मतदानाआधी कळलं होतं, पेरिएलोंना मात्र नंतर कळलं. त्यांनी मत विधेयकाच्या बाजूनेच दिलं. विधेयक २१९ विरुद्ध २१२ असं पास झालं, आणि पुढे सिनेटमध्ये मतदानालाच न येता संपलं. सात मतांच्या फरकाचा विचार केलात तर एकेका सदस्याच्या टेबलावर कुठली पत्रं पडतात याला किती किंमत आहे ते कळेल.

तर हे असं यंत्र. त्याचा खर्च किती? आता आपल्या पेपरकडे येऊ.

रॉबर्ट ब्रुल हे समाजशास्त्रज्ञ. त्यांचा पेपर ‘क्लायमॅटिक चेंज’ या जर्नलमध्ये २०१३च्या अखेरीस ऑनलाइन आणि २०१४मध्ये छापील आला. हवामान-धोरणाला विरोध करणाऱ्या संस्थांची त्यांनी आधी यादी केली, आणि ज्यांची आर्थिक माहिती मिळाली अशा ९१ संस्था घेतल्या. काळ २००३ ते २०१०. डेटा कुठून आणला, हे यातलं खरं शिकण्यासारखं.

आपल्याकडे सार्वजनिक न्यासाला धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब द्यावा लागतो, हे तुम्हाला माहीत असेल. अमेरिकेत करमुक्त संस्थेला दरवर्षी आयकर खात्याकडे ‘फॉर्म ९९०’ भरावा लागतो आणि तो कुणालाही बघता येतो. एकूण उत्पन्न, खर्च, संचालक कोण, मोठ्या अधिकाऱ्यांचे पगार, सगळं त्यात असतं. एक गोष्ट नसते: देणगीदारांची नावं. ती वेगळ्या जोडपत्रात असतात आणि लोकांना दिसणाऱ्या प्रतीत झाकलेली असतात. म्हणजे घेणाऱ्याच्या बाजूने बघितलं तर पैसा कुणी दिला ते कळत नाही.

मग ब्रुल यांनी दुसऱ्या टोकाने पकडलं. देणारा जर खासगी फाउंडेशन असेल तर त्याला वेगळा फॉर्म भरावा लागतो, आणि त्यात कुणाकुणाला किती दिले याची पूर्ण यादी उघड असते. घेणाऱ्याच्या वहीत जे झाकलंय ते देणाऱ्याच्या वहीत उघडं आहे! १४० फाउंडेशनच्या अशा नोंदी त्या ९१ संस्थांशी जुळवल्या, तेव्हा चित्र उभं राहिलं. यात कुठलाही गुप्त स्रोत नाही, कुणी कागद फोडलेला नाही. सगळे कागद सरकारी, सगळे उघड. फक्त ते एकत्र ठेवून बघायची चिकाटी लागते.

निष्कर्ष असा: ९१ संस्थांचं मिळून वार्षिक उत्पन्न सरासरी ९० कोटी डॉलरच्या थोडं वर. त्यात फाउंडेशनकडून आल्याचं ओळखता आलेले वर्षाला सरासरी ६ कोटी ४० लाख.

हे दोन आकडे शेजारी ठेवून परत वाचा. पहिला आहे संस्थांचं *एकूण* उत्पन्न. या ९१मध्ये हेरिटेज फाउंडेशन आहे, अमेरिकन एंटरप्राइज इन्स्टिट्यूट आहे. या संस्था कर, संरक्षण, आरोग्य, शिक्षण अशा पन्नास विषयांवर काम करतात. हवामान हा त्यातला एक. त्यांचं सगळं उत्पन्न हवामान-विरोधावरचा खर्च म्हणून सांगणं म्हणजे तुमच्या हाउसिंग सोसायटीची वर्षाची जमा बारा लाख आहे आणि सोसायटीत गणपती बसतो, म्हणून ‘सोसायटीने गणपतीवर बारा लाख उधळले’ असं म्हणण्यासारखं. पण झालं तेच. ब्रिटनच्या ‘गार्डियन’ने वर्षाला एक अब्ज डॉलर खर्च होतात असं शीर्षक दिलं, आणि त्यावर खुद्द ब्रुल यांनी हरकत घेतली. शीर्षक पुढे सौम्य केलं गेलं, आकडा मात्र तोवर निघून गेला होता, तो अजून फिरतोय.

तुम्ही विचाराल, मग फक्त हवामानापुरता खर्च वेगळा का नाही काढला? कारण फॉर्ममध्ये तो तसा नसतो. बऱ्याच देणग्या संस्थेच्या सर्वसाधारण कामासाठी असतात. पैसा एकाच गल्ल्यात पडतो, त्यातली कुठली नोट हवामानाच्या अहवालाला गेली आणि कुठली ऑफिसच्या भाड्याला, हे बाहेरून सांगता येत नाही. मला विचाराल तर ब्रुल यांनी इथे अंदाजाचं गुणोत्तर लावलं नाही, हेच या पेपरचं बळ आहे. ‘समजा २० टक्के’ असं धरून एक चकचकीत संख्या काढणं सोपं होतं. व्हायवाला तुमच्यासमोर बसलेला परीक्षक पहिला प्रश्न त्या ‘समजा’वरच विचारतो.

दुसरा आकडा माझ्या मते जास्त बोलका आहे. ९० कोटींत ओळखता आले ६ कोटी ४० लाख, म्हणजे साधारण सात टक्के. उरलेलं सगळं ‘काळा पैसा’ आहे का? नाही. व्यापारसंघांची सभासद-वर्गणी असते, व्यक्तींच्या लहान देणग्या असतात, गुंतवणुकीवरचं व्याज असतं. पण त्यात काय किती, ते कागदावरून कळत नाही एवढं खरं.

आणि त्या ओळखता येणाऱ्या सात टक्क्यांतही काळाबरोबर काहीतरी बदलत होतं. २००३मध्ये या संस्थांना फाउंडेशनकडून मिळणाऱ्या पैशात डोनर्स ट्रस्ट आणि तिच्या जोडसंस्थेचा वाटा ३ टक्क्यांच्या आसपास होता. २०१०पर्यंत तो २३ टक्क्यांच्या वर गेला. त्याच सुमारास कोक कुटुंबाशी जोडलेल्या फाउंडेशनचा उघड वाटा कमी होत गेला, आणि एक्झॉनमोबिलच्या फाउंडेशनच्या उघड देणग्या २००८पासून दिसेनाशा झाल्या.

डोनर्स ट्रस्ट हे काय प्रकरण? तुम्ही ट्रस्टला पैसे देता, करसवलत घेता, आणि सुचवता की अमुक संस्थेला द्या. ट्रस्ट देते. कागदावर देणारा म्हणून ट्रस्टचं नाव लागतं, तुमचं नाही. आपल्याकडच्या वाचकाला हे समजायला अवघड जाऊ नये. इलेक्टोरल बाँडवर एवढी चर्चा आपण ऐकलीच आहे. फरक मोठा आहे. ते बाँड राजकीय पक्षांसाठी होते, सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०२४मध्ये ते रद्द केले आणि नावं बाहेर आली. इथली व्यवस्था कायदेशीर आहे आणि चालू आहे. शिवाय असे फंड पर्यावरणवादी देणगीदारही वापरतात, देवळा-चर्चला गुपचूप देणारेही वापरतात. नाव झाकलं म्हणजे गुन्हा केला असं होत नाही.

आता इथे एक सापळा आहे. एकाचा उघड पैसा कमी झाला, त्याच काळात झाकलेला पैसा वाढला; म्हणजे त्यानेच पैसा तिकडून वळवला, असं वाटतं ना? दोन रेषा, एक खाली एक वर. ब्रुल यांनी ही जोडी मांडली आणि तिथे थांबले. वळवला असं सिद्ध करायला देणाऱ्याचं नाव लागतं, आणि नेमकं तेच तिथे नाही. बातम्यांत बऱ्याचदा ही पुढची पायरी परस्पर चढलेली दिसते. तुम्ही संदर्भ देताना चढू नका.

पैशाने बोलणं बदलतं का, हा वेगळाच प्रश्न. त्यावर जस्टिन फॅरेल यांचं काम आहे. २०१६मध्ये ‘पीएनएएस’मध्ये आलेल्या पेपरात त्यांनी १६४ संस्थांचं १९९३ ते २०१३ या वीस वर्षांतलं हवामानावरचं लिखाण, चाळीस हजारांहून अधिक मजकूर, संगणकाने विषयवार वेगळे केले. एक्झॉनमोबिल किंवा कोक फाउंडेशनकडून पैसा मिळालेल्या आणि न मिळालेल्या संस्थांत फरक दिसला. पैसा मिळालेल्यांकडून ध्रुवीकरण करणारा मजकूर येण्याची शक्यता जास्त होती, आणि ‘कार्बन डायऑक्साइड उलट फायद्याचाच’ यासारखे विषय त्यांच्या लिखाणात वाढत गेले.

ज्यांनी स्टॅटिस्टिक्सचा पेपर मनापासून दिलाय त्यांच्या डोक्यात घंटा वाजली असेल. पैसा मिळाला म्हणून असं लिहिलं, की असं लिहिणारे होते म्हणून पैसा मिळाला? दोन्ही शक्य आहे. विषयांचा वीस वर्षांतला बदल बघितल्यामुळे फॅरेल यांची बाजू एका वर्षाच्या तुलनेपेक्षा बरीच मजबूत होते, पण शंका पुरती मिटत नाही. मला तरी वाटतं की देणगीदारासाठी दोन्ही शक्यतांचा अर्थ एकच निघतो: ज्याचा आवाज त्याला हवाय तो आवाज मोठा होतो. हे माझं मत, पेपरचं नाही.

लॉबिंगचा डेटा याहून वेगळा. अमेरिकेत कायदेमंडळात लॉबिंग करणाऱ्याला खर्च आणि विषय जाहीर करावा लागतो. ब्रुल यांच्याच २०१८च्या पेपरात २००० ते २०१६ या काळात हवामान-विधेयकांवर लॉबिंगसाठी २०० कोटी डॉलरहून जास्त खर्च झाल्याचं दिसतं, त्या काळातल्या एकूण लॉबिंगच्या ३.९ टक्के. सर्वात मोठा वाटा वीज कंपन्यांचा, मग जीवाश्म इंधनवाले, मग वाहतूक. पर्यावरण संघटना आणि अक्षय ऊर्जावाले एकत्र धरले तरी त्यांच्यासमोर साधारण दहास एक. पण हा आकडाही नीट वाचायचा: २०० कोटींत बाजूने बोलणारे आणि विरोधात बोलणारे दोघेही आहेत. विषय जाहीर करावा लागतो, बाजू जाहीर करावी लागत नाही. ‘विरोधासाठी २०० कोटी’ असं कुठे वाचलंत तर लिहिणाऱ्याने पेपर उघडलेला नाही असं खुशाल समजा.

टीका झाली की या क्षेत्रात काय होतं, हेही एका उदाहरणाने बघण्यासारखं आहे. जेफ्री सुप्रान आणि नेओमी ओरेस्केस यांनी २०१७मध्ये एक्झॉनमोबिलची १८७ कागदपत्रं तपासली. हवामानबदल खरा आणि मानवनिर्मित आहे, हे शोधनिबंधांपैकी ८३ टक्क्यांत आणि अंतर्गत कागदांपैकी ८० टक्क्यांत मान्य केलेलं होतं. वर्तमानपत्रांतल्या लेखवजा जाहिरातींत मात्र हे प्रमाण १२ टक्के, आणि ८१ टक्क्यांत शंका. कंपनीच्या बाजूने हरकत आली की एक्झॉन आणि मोबिल १९९९पर्यंत वेगळ्या कंपन्या होत्या, एकीचं विज्ञान आणि दुसरीच्या जाहिराती तुम्ही एकत्र केल्यात. हरकत नुसती चिडचिड नव्हती, पद्धतीवरची होती. लेखकांनी २०२०मध्ये आणखी जाहिराती घेऊन, कंपन्या वेगळ्या करून पुन्हा मोजलं. मूळ निष्कर्ष टिकला. पहिलाच पेपर असा करता आला असता का? बहुधा. पण मला त्यांची दुसरी फेरी पहिलीपेक्षा जास्त आवडते.

तुम्हाला हात घालून बघायचं असेल तर खर्च शून्य आहे. प्रोपब्लिका या पत्रकारसंस्थेच्या साइटवर फॉर्म ९९० संस्थेच्या नावाने शोधता येतात. वर नाव आलेली कुठलीही एक संस्था घ्या, पाच वर्षांचे फॉर्म एक्सेलमध्ये उतरवा: एकूण उत्पन्न, त्यातल्या देणग्या, इतर संस्थांना दिलेली अनुदानं. मग एका फाउंडेशनचा ९९०-पीएफ उघडून त्यातल्या यादीत तीच संस्था सापडते का बघा. दोन गोष्टींकडे लक्ष ठेवा. आर्थिक वर्ष प्रत्येकाचं वेगळं असतं, त्यामुळे देणाऱ्याच्या २००९ची रक्कम घेणाऱ्याच्या २०१०मध्ये दिसू शकते. आणि एका संस्थेने दुसरीला दिलेले पैसे दोघींच्या उत्पन्नात मोजले गेले तर बेरीज फुगते. नावांची स्पेलिंगही दर वर्षी सारखी नसतात. दोन-तीन रविवार सहज जातात.